सिममध्ये उरलेला बॅलन्स दान करायचाय? यूकेहून परत येणाऱ्यांसाठी, आणि आपल्या इकडच्या सिमबद्दलही

ताई, तुमचे प्रश्न दोन आहेत. मुलगी लीड्सला मास्टर्स संपवून पुढच्या महिन्यात कायमची परत येतेय, तिच्या पे अ‍ॅज यू गो, म्हणजे तिथल्या प्रीपेड, सिममध्ये २३ पौंड ४० पेन्स उरलेत, ते वाया जाण्यापेक्षा कुठल्या चांगल्या संस्थेला देता येतील का, हा पहिला. आणि तुमच्या स्वतःच्या जुन्या प्रीपेड सिममध्ये १८० रुपये कधीचे पडून आहेत, त्यांचं पण तसंच करता येईल का, हा दुसरा. मी इथे यूकेत चॅरिटीच्या फंडरेझिंगमध्ये बरीच वर्षं काम करतोय, मेसेजवरून येणाऱ्या देणग्या सांभाळणं हे माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो. थोडक्यात सांगायचं तर मुलीचे पैसे देता येतात आणि जरूर द्यावेत, तुमचे नाही देता येणार, पण ते वाया पण नाही जाणार, कसं ते खाली सांगतो.

आधी तिचं बघू. यूकेत मोबाइलच्या बॅलन्समधून दान करायची सोय अगदी रीतसर आहे. ७० नं सुरू होणारे पाच आकडी शॉर्ट कोड खास चॅरिटींसाठी राखून ठेवलेत, त्यावर संस्थेनं दिलेला एक शब्द पाठवला की ठरलेली रक्कम, म्हणजे ३, ५, १०, कुठे कुठे २० पौंड, बॅलन्समधून वजा होते आणि नेटवर्क ती संस्थेकडे पोचवतं. महिन्याचं बिल येणाऱ्यांच्या ती बिलात लागते, पे अ‍ॅज यू गो वाल्यांची तिथल्या तिथे कापली जाते. हे कायद्यात बसवलेलं आहे, इथल्या २०१७ च्या पेमेंट सर्व्हिसेस नियमांमध्ये फोनच्या बॅलन्समधून काय काय घेता येतं याची छोटीशी यादी आहे, त्यात डिजिटल गोष्टी आणि तिकिटांबरोबर चॅरिटीचं दान स्पष्ट लिहिलंय, एका वेळी जास्तीत जास्त ४० पौंड आणि महिन्याला २४० पौंड. म्हणजे तिचे २३ पौंड आरामात मर्यादेत बसतात.

आता खरी गोम. देणं सोपं आहे पण ते कधी करायचं यात लोक चुकतात. परत निघायच्या गडबडीत पोरं एक तर निघायच्या कितीतरी आधीच बॅलन्स रिकामा करून टाकतात, नाहीतर मुंबईला उतरल्यावर आठवतं आणि तिथून मेसेज पाठवायचा प्रयत्न करतात. दोन्ही नको. भारतात रोमिंगवर असताना हे शॉर्ट कोड लागतील अशी आशाच धरू नका, ते यूकेतल्या नेटवर्कसाठी केलेले आहेत. आणि लवकर रिकामा पण करायचा नाही कारण तो नंबर शेवटच्या दिवसापर्यंत लागतो, बँकेचे ओटीपी, घरमालकाकडून डिपॉझिट परत यायचं असतं त्याचे मेसेज, युनिव्हर्सिटी, व्हिसाचं अकाउंट, सगळं त्याच नंबरला जोडलेलं असतं. म्हणून तिला सांगा, आधी बँकेत आणि बाकी सगळीकडे भारतातला नंबर नाहीतर ईमेल घालून घे, तो बदल झालाय याची खात्री कर, आणि मग निघायच्या एक-दोन दिवस आधी निवांत बसून दान कर. एअरपोर्टवर लाइनीत उभं राहून पण करता येतं म्हणा, पण तिथे काही अडलं तर दुसरा उपाय करायला वेळ नसतो.

आणि या सगळ्याच्या आधी आजच एक काम करायला सांगा, तिचं बंडल ऑटो-रिन्यूवर आहे का ते बघायला. इथल्या सिममध्ये दोन वेगळे कप्पे असतात, एक बंडल, म्हणजे ठरावीक डेटा, मिनिटं आणि मेसेज, आणि दुसरा क्रेडिट, म्हणजे खरे पैसे. दान फक्त क्रेडिटमधून होतं, उरलेला डेटा किंवा मिनिटं कुणाला देता येत नाहीत. पण ऑटो-रिन्यू चालू असेल तर महिना संपला की नेटवर्क त्याच क्रेडिटमधून नवीन बंडल घेतं, आणि २३ चे कधी १३ झाले ते कळतही नाही. मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं, कारण पोरगी निघून गेलेली असते आणि कुणीही न वापरलेल्या बंडलमध्ये ते पैसे जातात. म्हणून ऑटो-रिन्यू आजच बंद, आणि आत्ताचं बंडल निघायच्या तारखेपर्यंत पुरतंय का तेवढं बघायचं.

संस्था कुठली निवडायची हे तिचं तिनं ठरवावं, मी फक्त एवढं म्हणेन की जिथे राहिली तिथल्या लोकांच्या उपयोगी पडणारी बघावी, फूड बँक असेल, हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी जागा, असेल, बेघरांसाठी काम करणारी असेल. छोट्या संस्थांकडे स्वतःचा कोड असेलच असं नाही. पूर्वी व्होडाफोनची जस्टटेक्स्टगिव्हिंग म्हणून एक सोय होती, २०११ ला सुरू झाली, त्यात अगदी गल्लीतल्या संस्थेलाही फुकट कोड मिळायचा, ती २०१९ मध्ये बंद झाली आणि त्यानंतर लहान संस्थांची फार पंचाईत झाली. आता बहुतेक कोड मोठ्या किंवा मध्यम संस्थांकडे असतात. नाव ठरलं की संस्थेच्या स्वतःच्या साइटवरचाच कोड आणि शब्द घ्यायचा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेला अजिबात नाही, आणि इंग्लंड-वेल्समधली संस्था असेल तर चॅरिटी कमिशनच्या रजिस्टरवर तिचा नंबर टाकून बघायचा, दोन मिनिटांचं काम आहे. स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडची रजिस्टरं वेगळी आहेत.

शब्द अक्षर न अक्षर बरोबर पाठवायचा, यावर मी एवढा जोर का देतो त्याचं कारण सांगतो. २०१४ च्या मार्चमध्ये इथे बायकांनी मेकअप न करता सेल्फी टाकून कॅन्सर रिसर्च यूकेला ३ पौंड पाठवायची एक लाट आली होती, ७००९९ वर बीट हा शब्द पाठवायचा होता, आणि सहा दिवसांत ८० लाख पौंड जमले. कुणी ठरवून केलेली मोहीम नव्हती ती, लोकांनीच उचललेली. पण त्याच गर्दीत कितीतरी जणांनी बीटच्या जागी डोनेट पाठवलं आणि अठरा हजार पौंडांच्या वर रक्कम युनिसेफकडे गेली, आणि फोनच्या ऑटोकरेक्टनं बीटचं बेअर केलं त्यांना पोलर बेअर दत्तक घेतल्याबद्दल डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा मेसेज आला! कारण एकच नंबर अनेक संस्था वापरतात, पैसे कुणाकडे जायचे ते फक्त शब्दावरून ठरतं. तेव्हा ते पैसे नंतर मार्गी लावले गेले, पण दोन दिवसांत देश सोडणाऱ्या माणसाला हे निस्तरत बसायला वेळ नसतो. ऑटोकरेक्ट बंद करा, शब्दामागे स्पेस नको, थँक यू नको, नुसता शब्द.

आता प्रत्यक्ष २३.४० चं गणित. कोडखालच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की देणगीची रक्कम अधिक एका साध्या मेसेजचा खर्च. हा साधा मेसेज पे अ‍ॅज यू गो टॅरिफवर काही पेन्सपासून तीसेक पेन्सपर्यंत पडू शकतो, नेटवर्कवर अवलंबून. म्हणून २० आणि ३ असे दोन मेसेज पाठवून बरोबर २३ जातील असं गृहीत धरू नका, दोन मेसेजचा खर्च ४० पेन्समध्ये बसला नाही तर दुसरा जाणारच नाही. मी सांगेन की आधी ३ चा पाठवावा, कोड तिच्या सिमवर चालतो की नाही ते त्यातून कळतं, आभाराचा मेसेज आला की बॅलन्स बघावा आणि मग उरलेल्यात जी मोठी रक्कम बसते ती पाठवावी, २० बसले तर २०, नाहीतर १० आणि ५. दोन-तीन पौंड मागे राहिले तर राहू देत, त्यासाठी जीव काढायची गरज नाही. मेसेज पाठवल्यावर उत्तर आलंच नाही तर लगेच परत पाठवायचा नाही, आधी बॅलन्स बघायचा, कापला गेलाय की नाही, कारण गर्दीच्या वेळी उत्तर उशिरा येतं आणि माणसं घाईत दोनदा पाठवून बसतात.

आभाराच्या मेसेजनंतर बऱ्याचदा अजून एक मेसेज येतो, गिफ्ट एडसाठी, नाव, घर नंबर आणि पोस्टकोड विचारणारा. गिफ्ट एड म्हणजे देणाऱ्यानं भरलेल्या इन्कम टॅक्समधून सरकार संस्थेला प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स देतं. ऐकायला छान वाटतं, आणि आमच्यासारख्या संस्थांना त्याचा खरंच फार आधार असतो, पण इथे तुमच्या मुलीनं थांबून विचार करायचा. गिफ्ट एडला हो म्हणायचं तर त्या वर्षात तिनं निदान तेवढा टॅक्स भरलेला असायला हवा, २३ पौंडांवर ५ पौंड ७५ पेन्स. विद्यार्थ्यांची पार्टटाइम कमाई बहुतेक वेळा १२,५७० पौंडांच्या खाली असते, त्यावर इन्कम टॅक्सच लागत नाही, मग हो म्हणायचं नाही. पगारातून टॅक्स कापला गेला असेल तरी घाई नको, देश सोडताना पी८५ फॉर्म भरून तो परत मागता येतो, आणि सगळाच परत मिळाला तर तिनं टॅक्स भरलाच नाही असं होतं, मग गिफ्ट एडचा फरक सरकार तिच्याकडे मागू शकतं. नाही म्हटलं म्हणून देणगी लहान होत नाही, त्या २३ मधून त्यामुळे काही कापलं जात नाही. आणि या निमित्तानं सांगतो, पार्टटाइम काम करून वर्षाच्या मध्येच निघणाऱ्या प्रत्येक पोराने तो पी८५ भरावाच, या बॅलन्सपेक्षा कितीतरी जास्त पैसे त्यात अडकलेले असू शकतात. संस्थेचे मेसेज पुढे नको असतील तर नोइन्फो असं जोडून किंवा उत्तरात पाठवायची सोय असते, ते कोडखालीच लिहिलेलं असतं, तिचा नंबर बंदच होणार म्हणून ते केलं नाही तरी चालतं.

पैसे खरंच पोचतात का, हा प्रश्न मला सगळे विचारतात, आणि विचारायलाच हवा. इथे चॅरिटीच्या कोडवर मोबाइल कंपन्या स्वतःचा कट घेत नाहीत, मध्ये जी टेक्निकल कंपनी मेसेज हाताळते तिचा खर्च कुठे असतो, कुठे नसतो. म्हणून कोडखालच्या ओळी वाचायच्या, १०० टक्के रक्कम संस्थेला असं लिहिलं असेल तर उत्तम, पौंडामागे काही पेन्स कमी असतील तर तेही तिथे लिहिलेलं असतं. पैसे आमच्या खात्यात यायला काही आठवडे जातात, कधी दोन-तीन महिने. पण एक गोष्ट मला मनापासून सांगाविशी वाटते, असे आलेले छोटे पैसे बहुतेक वेळा कुठल्याही अटीशिवाय येतात. मोठी ग्रँट येते तेव्हा ती अमुक प्रोजेक्टसाठीच वापरायची असते, तिच्यातून बाकी काही करता येत नाही, आणि मग लाइटचं बिल, व्हॉलंटियरच्या बसचं भाडं, हेल्पलाइनचा फोन यांना पैसे कुठून आणायचे हा प्रश्न पडतो. तुमच्या मुलीचे २३ पौंड तिथे जातात. त्यामुळे एवढेसे तर आहेत म्हणून सोडून देऊ नका.

काही सिमवर हे शॉर्ट कोड चालत नाहीत. आपली पोरं बहुतेक स्वस्तातली सिम घेतात, स्वतःचे टॉवर नसलेल्या, दुसऱ्याच्या नेटवर्कवर चालणाऱ्या कंपन्यांची, आणि त्यातल्या सगळ्यांकडे चॅरिटीचे कोड जोडलेले असतील असं नाही. कधी सिमवर प्रीमियम मेसेजचा बार, म्हणजे पैसे कापणाऱ्या मेसेजना अटकाव, लावलेला असतो, तो कस्टमर केअरला सांगून काढता येतो. तरीही नाही झालं तर कंपनीला सरळ विचारायचं की उरलेलं क्रेडिट परत देता का. युरोपीय संघात तर २०१८ च्या कायद्यानं प्रीपेड ग्राहकानं कंपनी बदलताना मागितलं तर उरलेला बॅलन्स परत द्यावाच लागतो, तुमचे कुणी नातेवाईक जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये असतील तर त्यांना हे सांगून ठेवा. पैसे बँकेत आले की कार्डवरून संस्थेला देता येतात, तीच गोष्ट झाली. पण नंबर बंद करायचा मेसेज, ७५०७५ वर स्टॅक (STAC) पाठवतात तो, हे सगळं उरकल्याशिवाय पाठवायचा नाही, त्याच्या उत्तरात आलेला कोड वापरला की सिम गेलं आणि क्रेडिट पण गेलं. काहीच न करता तसंच सोडलं तर न वापरलेलं सिम साधारण सहा महिन्यांत बंद होतं, काही ठिकाणी त्याच्याही आधी, आणि बॅलन्स कंपनीकडे राहतो.

बॅलन्स शून्य झाला तर पोरगी शेवटचे दोन दिवस अडचणीत येईल का, अशी काळजी आईला वाटणारच. नाही येणार. ९९९ ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरला, बॅलन्स लागत नाही, मन फार खचलं असेल तेव्हा बोलायला सामारिटन्सचा ११६ १२३ पण फुकट आहे, आणि २०१५ च्या जुलैपासून ०८०० चे नंबर मोबाइलवरून फुकट आहेत. बंडल चालू असेल तर व्हॉट्सअ‍ॅप चालतंच.

एक मात्र करू द्यायचं नाही, ते म्हणजे सिम तसंच्या तसं मैत्रिणीला किंवा फ्लॅटमध्ये नवीन येणाऱ्या मुलाला देऊन जाणं. मनानं चांगलं वाटतं, त्याचा पहिला महिना सुटेल वगैरे, पण तिच्या नंबरवर तिच्या बँकेचे मेसेज येत राहतात, आणि त्या नंबरवरून काही भलतंसलतं झालं तर नाव तिचं. नवीन मुलाला मदत करायची असेल तर सिम नवीनच घेऊन द्यावं, इथे ते बऱ्याचदा फुकट मिळतं. आणि कुणाला खरंच डेटा परवडत नसेल तर इथे २०२१ पासून नॅशनल डेटाबँक आहे, गुड थिंग्ज फाउंडेशन आणि व्हर्जिन मीडिया ओटू यांनी सुरू केलेली, गरजूंना तिथून डेटा असलेलं सिम फुकट मिळतं. तिथला डेटा मोबाइल कंपन्या देतात, आपला उरलेला तिथे टाकता येत नाही, पण अशी जागा आहे हे इथल्या पुष्कळ विद्यार्थ्यांनाही माहीत नसतं म्हणून लिहिलं.

आता तुमचे १८० रुपये. आपल्याकडे टॉकटाइम म्हणजे फोनच्या सेवेसाठी आगाऊ भरलेले पैसे, एवढंच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत वॉलेट आणि गिफ्ट कार्ड प्रीपेड पेमेंटमध्ये धरतात, टॉकटाइम नाही, त्यामुळे यूकेसारखा चॅरिटीचा शॉर्ट कोड, पूर्ण पैसे संस्थेला, अशी सोय भारतात उभी राहिलीच नाही. शिवाय आपण १०० चा टॉप-अप मारतो तेव्हाच जीएसटी आणि प्रोसेसिंग कापून हातात ८१ रुपये ७५ पैसे येतात, १० ला ७ रुपये ४७, म्हणजे दानाच्या आधीच साधारण पाचवा ते चौथा हिस्सा गेला. रिंगटोन आणि कॉन्टेस्टच्या काळात मेसेजवरून परस्पर पैसे कापायचे एवढे प्रकार झाले की ट्रायला, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाला, २०१३ मध्ये ग्राहकाची दोनदा संमती घ्यायचा नियम करावा लागला, आणि तो योग्यच होता. त्यामुळे उरलेला बॅलन्स अमुक नंबरवर पाठवा, पूरग्रस्तांना जाईल, असा मेसेज कुठूनही आला तर सरळ डिलीट करा, भारतात असं काही खरं असण्याची शक्यताच धरू नका.

पण ते १८० रुपये उपयोगाचे आहेत. ट्रायच्या नियमाप्रमाणे प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी बंद करू शकते, पण त्यात २० रुपये किंवा जास्त शिल्लक असतील तर २० कापून ३० दिवस नंबर चालू ठेवावा लागतो, आणि शिल्लक असेपर्यंत तसंच पुढे. म्हणजे तुमचे १८० हे नऊ वेळा ३० दिवस झाले. त्या नंबरला आधार, बँक, गॅस, काही जोडलेलं असेल तर तेवढ्या वेळात सगळीकडे नवीन नंबर करून घ्या. पोर्ट करायच्या विचारात असाल तर लक्षात ठेवा, १९०० ला मेसेज पाठवून नंबर दुसरीकडे गेला की जुन्या कंपनीतला बॅलन्स बुडतो, तो नवीन सिममध्ये येत नाही आणि परत पण मिळत नाही, म्हणून आधी बोलून-वापरून संपवा. घरात कुणाचं जुनं पोस्टपेड असेल तर त्याचं डिपॉझिट मात्र मागून घ्या, ते तुमचे पैसे आहेत. ग्राहकाला परत देता न आलेली अशी डिपॉझिट आणि जास्तीची वसुली यांच्यासाठी ट्रायनं २००७ मध्ये ग्राहक शिक्षण आणि संरक्षण निधी काढलाय, कंपन्यांना ती रक्कम तिथे भरावी लागते, म्हणजे ते पैसे निदान ग्राहकांच्याच कामाला लागतात, पण तुम्ही मागितले तर तुम्हाला मिळतील ते जास्त बरं.

आणि तुम्हाला १८० रुपये द्यायचेच आहेत, तर यूपीआयनं सरळ संस्थेच्या खात्यावर द्या, टॉकटाइमच्या नादी न लागता. जीएसटी नाही, कट नाही, त्याच क्षणी पोचतात. पावती मागा, संस्थेला ८०जी असेल आणि तुम्ही जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तर वजावट पण मिळते, फक्त रोखीनं २,००० च्या वर दिलेलं त्यात धरत नाहीत. वॉलेटमध्ये किंवा गिफ्ट कार्डवर काही उरलेलं असेल तर तेही बघून घ्या, आपल्याकडे बऱ्याचदा तिथेही पैसे पडून असतात, आणि गिफ्ट कार्डला मुदत असते, ती संपायच्या आत एखाद्या आश्रमशाळेच्या वह्या, पेनं किंवा किराणा त्यातून घेऊन देता येतो. काय हवंय ते मात्र आधी त्यांना फोन करून विचारा, नाहीतर वह्यांचे ढीग असतात आणि साबण नसतो.

मुलीचं नेटवर्क कुठलं ते कळवलंत तर तिथे बार कसा काढायचा आणि क्रेडिट परत मागता येतं का ते बघून सांगतो, पण ऑटो-रिन्यू आज रात्रीच बंद करायला सांगा.